सर्वानुमते

माझं अक्षर चांगलं,
म्हणून इतिवृत्ताची वही माझ्याकडे.
नऊ वर्षं.
सभा साडेचारला,
वही मात्र मधल्या सुट्टीतच भरून ठेवायची:
ठराव, सूचक, अनुमोदक,
आणि शेवटी तो एक शब्द,
जो आता डोळे मिटूनही
एका दमात निघतो हातातून.

अण्णा येतात. खुर्चीवर आधीच टॉवेल पसरलेला.
म्हणतात, मोकळेपणानं बोला,
शाळा म्हणजे आपलं घरच.
खरंय.
घरीही मी वाढता वाढता
ऐकलेलंच जास्त.

चहा येतो, चहामागं सह्यांचा कागद.

गोपनीय अहवालात एक रकाना आहे,
संस्थेशी वागणूक.
तो पेन्सिलीनं भरतात,
म्हणजे मार्चपर्यंत खोडता येतो.

शाळेचा ग्रुप आहे. लिहिणार फक्त अ‍ॅडमिन.
आम्ही खाली अंगठा देतो,
माझी सासू बँकेत द्यायची तसा.

दिलवर पावरा आठ वर्षं विनाअनुदानित तुकडीवर.
टप्पा येईल, टप्पा येईल म्हणत
रात्री जिनिंगवर वजनकाट्याचा हिशोब लिहितो.
त्याच्या गप्प बसण्याला
मी काय नाव ठेवणार?
मला तर पगार आहे.

झोपे सर गणिताचे.
एप्रिलच्या सभेत, चहा यायच्या आधी,
ते उभे राहिले.
आमच्यात कुणी उभं राहत नाही.
म्हणाले, इमारत निधीला दरमहा हजार जातात पगारातून,
पावती मिळेल का?

खिडकीबाहेर त्याच इमारतीचे गज,
चार उन्हाळे उभे, गंजून तांबडे.
अण्णा हसले.
'झोपे जागे झाले वाटतं!'
सगळे हसले.
मीही.
सर्वानुमते.

पण त्या रात्री वहीत मी लिहिलं,
का ते अजून कळत नाही मला,
'श्री. झोपे यांनी पावतीबाबत विचारणा केली.'
एवढंच. उत्तराची ओळ नाही,
कारण उत्तर नव्हतं.

हेडसरांनी पान पाहिलं.
फाडता येईना, पानांना नंबर आहेत.
मग माझ्याच हातानं, पट्टी लावून कापलेला
पांढरा कागद त्या ओळीवर चिकटवला.
नीट बसला. अक्षरासारखाच
माझा हात चिकटवण्यातही चांगला.

जूनमध्ये सर नव्हते.
बोराडीच्या पुढं, सातपुड्याच्या पायथ्याला
संस्थेची आश्रमशाळा आहे.
कारण: प्रशासकीय.

आठवी ब. फळ्यावर मी लिहिलं:
विधानार्थी वाक्य प्रश्नार्थी करा.
शेवटच्या बाकावरून सुनंदा म्हणाली,
'झोपे सर कथा ग्यात, बाई?'
मी म्हटलं, प्रमाण मराठीत विचार.
तिनं पुन्हा विचारलं नाही.
खाली मान घालून
शिसाला टोक काढत राहिली,
टोक तुटेपर्यंत.

त्या वर्षी अमळनेरला पाऊस लांबला,
पत्र्याखालच्या कपाटात मे महिना तसाच कोंडलेला.
जुलैच्या सभेत वही उघडली
तर डिंक वाळून पट्टीचा कोपरा
वर वळलेला,
आणि खालून 'विचारणा' एवढाच शब्द
डोकं काढून बसलेला.

हेडसर कुजबुजले, परत चिकटवा.
मी म्हटलं, जरा मोठ्यानंच,
डिंक संपलाय.

पावरा सरांनी मान वर केली.
अण्णांनी बशी खाली ठेवली.
नऊ वर्षांत त्या खोलीत
कुणी न विचारता मी बोललेलं
हे पहिलं वाक्य.
आणि तेही खोटं.
माझ्या खणात बाटली आहे,
जवळजवळ भरलेली.